१९९७ ची झेन, सकाळी स्टार्ट केली की निळा धूर. इंजिन खोलायलाच हवं का?

साखळीकर_झेन

नमस्कार मंडळी, वडिलांची १९९७ ची मारुती झेन आहे, कार्बोरेटरवाली, जीए-०१ पासिंगची, पहिल्यापासून आमच्याच घरात. बाबा रिटायर झाल्यापासून कमीच चालते, साखळी-डिचोली बाजार, कधी पणजी आणि चवथीला आणि मे महिन्यात चोर्ल्याहून बेळगावला मामाकडे. गाडी आतून बाहेरून स्वच्छ आहे, गंज पण बाबांनी वेळच्या वेळी काढून घेतलाय.

आता प्रॉब्लेम असा की गेल्या पावसापासून सकाळी पहिला स्टार्ट मारला की मागून निळसर धुराचा एक मोठा लोट येतो, जळक्या तेलाचा वास, आणि मग मिनिटभरात सगळं साफ. दिवसभर परत तसं होत नाही. पण चोर्ला घाट उतरताना मागच्या गाडीवाल्याने हात करून सांगितलं की धूर येतोय, मी आरशात बघितलं तर उतार संपून अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर खरंच निळा ढग. चढताना मात्र काही नाही, पिकअप पण ठीक आहे.

गॅरेजवाल्याने एकदाच रेस करून बघितलं आणि सांगितलं की रिंग (पिस्टनवरच्या कड्या) गेल्यात, हाफ इंजिन करावं लागेल म्हणजे इंजिन खोलून पिस्टन-रिंग बदलायच्या, बोअर पण मारावा लागेल म्हणजे सिलिंडर आतून घासून थोडा मोठा करायचा. खर्च ऐकून घरात सगळे म्हणतायत विकून टाक भंगारात. बाबांचा जीव आहे गाडीवर, माझा पण आहे, ह्याच गाडीवर मी शिकलो. पीयूसी तर पास झाली मग इंजिन गेलं कसं म्हणायचं? ऑईल थोडं कमी होतं, दोन सर्व्हिसच्या मध्ये टॉपअप करावं लागतं. कूलंट कमी होत नाही.

इंजिन खोलायच्या आधी काय काय तपासता येईल ते कोणी जाणकाराने सांगावं. देव बरें करूं.

जुना_फिटर_फोंडा

विकू नका आणि हाफ इंजिन पण करू नका, निदान आत्ता तरी नको. तुम्ही जे लिहिलंय त्यात अर्धं उत्तर तुम्हीच दिलंय. धुराचा रंग सगळेच बघतात, पण धूर कधी येतो हे जास्त महत्त्वाचं असतं आणि तुम्ही ते नीट बघितलंय.

निळा म्हणजे ऑईल जळतंय, इथपर्यंत गॅरेजवाला बरोबर आहे. पण ऑईल सिलिंडरमध्ये दोन वाटांनी येतं, खालून रिंगांच्या बाजूने किंवा वरून वॉल्वच्या दांडीवरून. वरून येऊ नये म्हणून प्रत्येक वॉल्वच्या गाईडवर एक रबराचं छोटं सील असतं. तुमच्या गाडीत ते रबर सत्त्याण्णवचं असेल तर आतापर्यंत उष्णतेने पार कडक झालेलं असणार, किलोमीटर कमी झाले म्हणून रबर ताजं राहत नाही. रात्री गाडी उभी असते तेव्हा हेडमध्ये (सिलिंडरच्या वरचा, वॉल्व बसतात तो भाग) साचलेलं ऑईल कडक झालेल्या सीलमधून थेंब थेंब दांडीवरून खाली उतरतं, सकाळी स्टार्ट केलं की ते जळतं, एक लोट येतो आणि मग साफ. तुम्ही सांगितलं ते हेच.

आता घाटाचं. उतारावर तुम्ही पाय काढता, थ्रॉटल बंद, पण गिअरमध्ये इंजिन फिरतंच असतं, त्यामुळे इनटेकमध्ये जोराचा व्हॅक्यूम तयार होतो आणि तो व्हॅक्यूम इनटेक वॉल्वच्या गाईडमधून ऑईल ओढून घेतो. ते आत साठत राहतं आणि उतार संपून तुम्ही पाय दिला की सगळं एकदम जळतं. चोर्ला, अनमोड, करमल, कुठल्याही लांब उतारावर ही टेस्ट आपोआप होते.

रिंगा गेलेल्या असत्या तर उलट झालं असतं. चढावर, लोड असताना, तिसऱ्या गिअरला पाय दाबून धरल्यावर धूर सोडला असता आणि पूर्ण वेळ सोडत राहिली असती, पिकअप मेला असता. तुमचा पिकअप ठीक आहे म्हणता आणि चढताना धूर नाही, म्हणून मला वॉल्व सीलचा संशय जास्त आहे. पण संशयावर पैसे घालवायचे नाहीत, तपासायचं.

पहिलं म्हणजे ऑईल लेव्हल. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबून गेज, म्हणजे ऑईल मोजायची काडी, पुसून बघा. आपल्याकडे अंगणच उताराचं असतं, तिथे बघितलेली लेव्हल चुकीची येते. मॅक्सच्या वर ऑईल भरलेलं असेल तर चांगलं इंजिनसुद्धा निळा धूर मारतं. गेजला पेट्रोलचा वास येतोय का तेही बघा, कार्बवाल्या मारुतीत फ्यूएल पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं, लेव्हल वाढते आणि ऑईल पातळ होतं.

दुसरं, इंजिन गरम असताना आयडलवर ऑईल फिलरचं झाकण हळूच सैल करून बघा. थोडी हवा आणि ऑईलचे शिंतोडे येणारच, पण आतून सतत जोरात धूर बाहेर ढकलला जात असेल तर रिंगांमधून गॅस खाली उतरतोय असं समजा.

तिसरं, चारही प्लग काढा आणि कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा हे लक्षात ठेवून ओळीने ठेवा. ओला, काळा, तेलकट असेल तर ऑईल. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ते वेगळं दुखणं. एकाच सिलिंडरचा प्लग ओला आहे की चारही, ह्यावरून खूप कळतं.

आणि मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजायचं, कोरडी आणि ओली दोन्ही. दाब मोजायचा गेज असलेला मेकॅनिक शोधा. इंजिन गरम करून चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढून ठेवायची, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, बॅटरी चांगली चार्ज हवी आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा सेकंद सेल्फ मारायचा. आकडा लिहून घ्यायचा. मग प्लगच्या भोकातून प्रत्येकात चमचाभर इंजिन ऑईल टाकून परत तेच. ऑईल टाकल्यावर आकडा एकदम खूप वर गेला तर रिंग किंवा बोअर झिजलाय, कारण त्या ऑईलने तात्पुरता रिंगांचा गॅप भरला. कमी होता आणि कमीच राहिला तर वॉल्व नाहीतर हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग). आणि मुळात सगळे आकडे चांगलेच असले तर रिंग-पिस्टनला हात लावायचं कारणच नाही.

पीयूसीचं म्हणाल तर त्यात आयडलवर कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन मोजतात. तुमच्या सालच्या गाडीला मर्यादा ३ टक्के आणि १५०० पीपीएम, म्हणजे बरीच ढिली. गरम गाडी आयडलवर उभी असताना तुमचा धूर येतच नाही तर मशीनला दिसणार काय? पीयूसी पास झाली म्हणून इंजिन निरोगी असं नाही आणि धूर दिसला म्हणून इंजिन गेलं असंही नाही.

म्हापसा_८००

काकांनी मस्त समजावलं. मी एक सुचवतो, आमच्या ८०० ला धूर यायचा तेव्हा जाड ऑईल टाकलं, २०डब्ल्यू-५०, आणि सोबत तो धूर बंद करणारा डबा मिळतो स्पेअर पार्टच्या दुकानात तो टाकला, बराच फरक पडला. इंजिन खोलण्यापेक्षा हे स्वस्त. साखळीकर भाऊ एकदा करून बघा.

आणि पीसीव्ही वॉल्व पण बघा, हेडकव्हरवरून इनटेककडे जी नळी जाते ती. ती चोक झाली की आत प्रेशर वाढतं आणि ऑईल मिळेल तिथून बाहेर यायला बघतं, आमच्या गाडीची नळी आतून पूर्ण चिकट काळ्या गाळाने भरलेली होती.

जुना_फिटर_फोंडा

पीसीव्हीचं अगदी बरोबर, माझ्या लिहिण्यात राहून गेलं नसतं तर पहिल्याच यादीत आलं असतं. वॉल्व काढून कानाजवळ हलवायचा, आत खुळखुळ आवाज आला पाहिजे. येत नसेल तर कार्ब क्लीनरने धुवा नाहीतर नवीन घाला. ब्रीदरच्या नळ्या पण काढून आतून साफ करा, कडक होऊन तडकल्या असतील तर बदला.

जाड ऑईल मात्र टेस्टच्या आधी टाकू नका. धूर थोडा कमी होतो हे खरं, पण मग कॉम्प्रेशन आणि धूर दोन्हीचं चित्र बिघडतं आणि मूळ कारण दिसेनासं होतं. सकाळी पहिल्या स्टार्टला जाड ऑईल वर कॅमपर्यंत पोचायला वेळ घेतं ते वेगळंच. त्या डब्यातलं औषध कधीकधी रबर फुगवून मऊ करतं, त्याने काही महिने बरं वाटतं, पण तेच औषध इंजिनमधल्या बाकीच्या चांगल्या सीलांनाही लागतं. २०डब्ल्यू-५० आपल्याकडच्या उन्हाळ्यात जुन्या झिजलेल्या इंजिनला वाईट नाही, मी स्वतः वापरतो, पण निदान झाल्यावर, निदानाऐवजी नाही.

पेडणेकर_ताई

मध्येच विचारते, माफ करा. आमची जुनी ८०० आहे, तिला निळा नाही, पांढरा धूर येतो. पावसात जास्त. आणि ऑईलच्या झाकणाखाली पिवळट पांढरं लोण्यासारखं काहीतरी जमलंय. शेजारचे म्हणाले हेड गॅसकेट गेलं, पाणी ऑईलमध्ये मिसळलं. रोज मांद्रे ते पेडणे एवढंच चालते गाडी. खरंच हेड उतरवायला लागेल का?

जुना_फिटर_फोंडा

ताई, घाई करू नका. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून जातं. सायलेन्सर थंड असला आणि हवा दमट असली की ती वाफ पांढरी दिसते आणि टोकाकडून पाणी पण गळतं. पावसाळ्यात आपल्याकडे हे व्हायचंच. गाडी नीट गरम झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी ते बंद झालं पाहिजे. बंद होतंय का?

झाकणाखालचं लोणी पण छोट्या फेऱ्यांमुळे होऊ शकतं. इंजिन पूर्ण तापतच नाही, आतली ओल वाफ होऊन बाहेर पडत नाही आणि झाकण सगळ्यात थंड म्हणून तिथे ऑईलमध्ये मिसळून बसते. झाकण पुसा, एखाद दिवस पणजीपर्यंत नेऊन आणा आणि परत बघा. खरी तपासणी गेजवर. गेज ओढल्यावर ऑईल दुधाळ दिसलं तर मात्र गाडी अजिबात चालवू नका, बेअरिंग जातील.

हेड गॅसकेटची लक्षणं वेगळी असतात. गरम झाल्यावर सुद्धा पांढरा धूर दाट राहतो, गोडसर वास येतो, कूलंट बाहेर कुठे गळत नसताना कमी होतं, टेम्परेचरचा काटा वर चढतो. इंजिन थंड असताना, थंडच असताना हं, गरम रेडिएटरचं झाकण उघडून माणसं भाजली आहेत, झाकण काढून स्टार्ट करा आणि बुडबुडे सतत येत राहतात का बघा. चांगल्या गॅरेजमध्ये ब्लॉक टेस्टचं लिक्विड असतं, निळ्या रंगाचं, रेडिएटरमधली हवा त्यातून ओढतात, सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं होतं. ती टेस्ट केल्याशिवाय कोणाला हेड उतरवू देऊ नका. आणि कूलंट बोटाने चाटून बघायची सवय काहींना असते, तसं कोणी करू नका, ते विष आहे.

काणकोण_ड्रायव्हर

माझी डिझेल जीप आहे जुनी, सकाळी पांढरा धूर आणि डोळे चुरचुरतात, गरम झाली की जातो. हे पण पाणी का?

जुना_फिटर_फोंडा

नाही, डोळे चुरचुरतात आणि कच्च्या डिझेलचा वास आहे म्हणजे न जळलेलं डिझेल. ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू होताना आत तापवणारे) एक एक करून तपासा, एखादा मेलेला असेल. सगळे चांगले निघाले तर इंजेक्टर आणि पंपाचं टायमिंग. काळा धूर असता तर आधी एअर फिल्टर बघायला सांगितलं असतं, आपल्याकडची लाल धूळ फिल्टर लवकर भरते. जास्त सविस्तर हवं तर वेगळा धागा काढा, इथे झेनचं चाललंय.

साखळीकर_झेन

काका, म्हापसा भाऊ, तुमचे आभार मानावे तेवढे कमी. सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. ऑईल लेव्हल मिन आणि मॅक्सच्या मध्ये, पेट्रोलचा वास नाही. पीसीव्ही वॉल्व हलवला तर आवाज येत होता पण नळी आतून बरीच घाण होती, ती बदलली. त्याने सकाळचा धूर किंचित कमी झाला असं मला वाटतंय, बाबा म्हणतात तेवढाच आहे. फिलरचं झाकण सैल केल्यावर जोरात काही आलं नाही.

प्लग चारही थोडे तेलकट, दुसरा आणि तिसरा जास्त. कॉम्प्रेशन डिचोलीला एकाकडे करून घेतलं, बाबा स्वतः बाजूला वही घेऊन उभे होते. पीएसआयमध्ये कोरडे आकडे १७२, १७०, १७५, १६८. ऑईल टाकून १७८, १७६, १८०, १७४.

आता ह्याचा अर्थ काय लावायचा? आणि सील बदलायचे तर हेड उतरवावं लागतं का? ज्याने टेस्ट केली तो म्हणाला हेड खाली घेतल्याशिवाय होत नाही, मग सगळंच करून टाकू.

जुना_फिटर_फोंडा

आकडे बघून बरं वाटलं. चार सिलिंडरमध्ये जास्तीत जास्त फरक ७ पीएसआय आहे, साधारण १४ म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलोपर्यंत फरक चालतो. ऑईल टाकल्यावर सगळे सारखेच पाच-सहाने वाढले, तेवढं चांगल्या इंजिनमध्ये पण वाढतं. रिंगा गेलेल्या असत्या तर कोरडा आकडा खाली पडलेला असता आणि ऑईल टाकल्यावर तीस-चाळीसने उडी मारली असती. तुमच्या बाबांनी इंजिन सांभाळलंय. बोअर मारायचा प्रश्नच येत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. बोअर मारला की ओरिजिनल साईझ गेली, नवीन पिस्टन ओव्हरसाईझ, आणि बाजारातल्या पिस्टनची क्वालिटी कशी निघेल ते सांगता येत नाही. चांगला बोअर उगाच लेथवर नेणं मला बघवत नाही.

तर काम वॉल्व सीलचं. हेड न उतरवता होतं. प्लगच्या भोकात अ‍ॅडॅप्टर लावून कॉम्प्रेसरची हवा सिलिंडरमध्ये भरून ठेवतात, त्या हवेने वॉल्व वर दाबून राहतो, मग रॉकर काढून स्प्रिंग दाबून लॉक (स्प्रिंग वॉल्ववर धरून ठेवणारे छोटे तुकडे) काढायचे आणि सील बदलायचं. हवा भरताना गाडी न्यूट्रलला असली तर पिस्टन खाली जाऊन इंजिन फिरू शकतं, म्हणून मेकॅनिक पिस्टन टॉपला आणून मगच करतो. अ‍ॅडॅप्टर नसेल तर जुने लोक स्वच्छ नायलॉनची दोरी प्लगच्या भोकातून आत सोडतात, दोरीचं टोक बाहेर ठेवून, आणि क्रॅंक हाताने फिरवून पिस्टनने ती दोरी वर दाबतात, वॉल्व खाली पडत नाही. दोन्ही पद्धती चालतात, पण हात बसलेला माणूस हवा. लॉक एवढेसे असतात, खाली पडले तर ऑईलच्या वाटेने आत जातात, म्हणून ऑईल उतरायच्या भोकांत कापड कोंबायला सांगा आणि मोजून परत काढायला सांगा.

सील काढल्यावर एक गोष्ट नक्की करून घ्या. स्प्रिंग काढलेली असताना वॉल्वची दांडी पकडून आडवी हलवून बघायची. जरासा खेळ असणारच, पण डोळ्याला स्पष्ट दिसेल एवढी डुलत असेल तर गाईड झिजलेत, नवीन सील काही महिन्यात परत जाईल. तसं निघालं तर मात्र हेड उतरवणं रास्त आहे, गाईड बदलून, वॉल्व ग्राईंड करून, हेड फेस करून घ्यायचं. तरीही खाली पिस्टनला हात नाही. हे आधीच मेकॅनिकशी बोलून ठरवा, हेडकव्हर उघडून पडल्यावर ठरवायला गेलात की तो म्हणेल ते ऐकावं लागतं.

सील स्वस्त असतात, मजुरीच जास्त. म्हणून ब्रँडेड चांगलेच घ्या, आठही बदला, हेडकव्हरचं गॅसकेट नवीन, टॅपेट (वॉल्वचा गॅप) परत सेट करून घ्या. टायमिंग बेल्ट कधी बदललाय ते बाबांना विचारा, आठवत नसेल तर त्याच कामात बदलून टाका, सोबत कॅमचं ऑईल सील.

म्हापसा_८००

काका एक शंका. आता पंपावर ई-२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतंय, त्याने पण हे रबर लवकर जातं का? आमच्या ८०० चे पेट्रोल पाईप कडक झालेत.

जुना_फिटर_फोंडा

वॉल्व सीलला पेट्रोल लागत नाही, ते ऑईलमध्ये असतं, त्यामुळे हा धूर इथेनॉलचा नाही. पण पेट्रोलचे रबरी पाईप, पंपाचा पडदा, कार्बमधले वॉशर हे जुन्या गाडीत इथेनॉल डोळ्यासमोर ठेवून बनवलेले नाहीत, ते नियमित तपासा. पाईप कडक किंवा भेगाळलेला दिसला की थांबू नका, इंजिनच्या उष्णतेजवळ पेट्रोल गळलं तर गाडी पेटते. आणि आपल्या दमट हवेत महिनोन्महिने उभ्या गाडीची टाकी अर्धी ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढून घेतं.

साखळीकर, शेवटचं सांगतो. काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी परत थोडा धूर दिसला तर मेकॅनिकशी भांडू नका. इतक्या वर्षांचं ऑईल सायलेन्सरमध्ये बसलेलं असतं, ते जळून जायला वेळ लागतो. एकदा बेळगावला जाऊन या, चांगली तापू द्या, परतताना चोर्ल्याच्या उतारावर पाय काढून गिअरमध्ये सोडा आणि खाली आल्यावर आरशात बघा. त्यानंतर गेजची लेव्हल लिहून ठेवा आणि हजार किलोमीटरनी परत मोजा, आकडा इथे टाका.

साखळीकर_झेन

नक्की टाकतो काका. बाबांनी बेल्ट दोन हजार तेरा साली बदलल्याची पावती शोधून काढली, म्हणजे तोही बदलायचाच. सीलचा सेट मडगावला मिळाला, मेकॅनिक पर्वरीचा ठरलाय, त्याच्याकडे हवेचा अ‍ॅडॅप्टर आहे. गाईडचा खेळ बघताना मी स्वतः तिथे उभा राहणार.